पेटीतला बिल्ला काय सांगतो?

दरवर्षी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला वर्तमानपत्रात शौर्यपदकांची यादी छापून येते. कीर्तिचक्र, शौर्यचक्र, सेना मेडल अशी पदकांची नावे असतात, त्यांखाली माणसांची नावे असतात. आपण ती यादी वरवर पाहतो, एखादे मराठी आडनाव दिसले की क्षणभर थबकतो आणि पान उलटतो. त्याच वेळी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, जुन्या कागदांच्या तळाशी, आजोबांचा नाहीतर पणजोबांचा एखादा बिल्ला रुमालात गुंडाळून पडलेला असतो. तो कसला, कोणत्या लढाईचा, कशासाठी मिळाला, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होते, ती गेली. पोरांना वाटते, आजा पलटणीत होता, तेव्हा सगळ्यांना वाटले तसे त्यालाही वाटले असेल.

या आठवड्यात आम्ही या बिल्ल्यांविषयीच लिहिणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पदक हा दागिना नव्हे, ती साक्ष आहे. आणि ज्या समाजाची साक्ष पिढ्यान्‌पिढ्या कोणी ऐकूनच घेतली नाही, त्या समाजाला आपल्या घरातली साक्ष हरवू देणे परवडणारे नाही.

पहिली गोष्ट अशी की, सगळी पदके एका जातीची नसतात. एक पदक असते मोहिमेचे. अमुक लढाईत, अमुक मुलखात जो जो सैनिक हजर होता, त्याला ते मिळते. दुसऱ्या महायुद्धातील सहा टोकांचे तारे या प्रकारचे. बर्मा आघाडीवर गेलेल्यांना बर्मा स्टार, आफ्रिकेच्या आघाडीवर गेलेल्यांना आफ्रिका स्टार. दुसरे पदक असते शौर्याचे. ते एका माणसाच्या एका कृत्यासाठी असते. तिसरे असते सेवेचे, म्हणजे बरीच वर्षे चोख काम केल्याबद्दलचे. तिन्ही मानाची आहेत, परंतु तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. शेजाऱ्याने बर्मा स्टारला ‘परमवीरचक्र’ म्हटले म्हणून ते परमवीरचक्र होत नाही. तसेच, आजोबांना शौर्यपदक मिळालेले असताना घरच्यांनी ‘असेच मिळाले असेल’ म्हणून टाकून देणे हाही अन्यायच.

शौर्यपदक मिळते कसे, हेही समजून घेतले पाहिजे. शिपायाने पराक्रम केला म्हणजे पदक आपोआप छातीवर येत नाही. तो पराक्रम कोणीतरी पाहावा लागतो. पाहणाऱ्याने तसे लिहून द्यावे लागते. मग पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस करतो. ती शिफारस एकेक पायरी चढत सेना मुख्यालयात जाते, तेथून संरक्षण मंत्रालयात आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी. पदकाबरोबर एक मजकूर असतो, त्यात त्या दिवशी काय घडले ते लिहिलेले असते. म्हणजे पदकाच्या मागे शौर्य असते, तसा साक्षीदारही असतो. अंधारात, एकट्याने, कोणी पाहत नसताना जे लढले आणि पडले, त्यांच्या नावाचे पदक निघत नाही. म्हणून ज्यांना पदक मिळाले त्यांना मान द्यावाच, पण ज्यांना मिळाले नाही ते कमी शूर होते, असे कोणी मानू नये.

आता थोडे मागे जाऊ. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे लढाई झाली आणि स्तंभावर जी नावे कोरली गेली, त्यांत ‘नाक’ने शेवट होणारी २२ नावे महार शिपायांची आहेत. पण त्या लढाईचे एक पदकही निघाले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याचे नाव ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. चांदीचे गोल पदक, आणि त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची आडवी पट्टी. त्या पट्ट्यांत एक कोरेगावची होती.

हे पदक मंजूर झाले कधी? १८५१ साली. म्हणजे लढाईनंतर ३३ वर्षांनी! आणि अट काय? तोवर जो जिवंत असेल, त्यालाच मिळेल. लढाईच्या दिवशी जो वीस वर्षांचा होता, तो आता त्रेपन्न वर्षांचा झालेला. जे रणात पडले त्यांच्या वाट्याला दगडावरचे नाव आले. जे जगले त्यांना पदकासाठी तेहेतीस वर्षे थांबावे लागले. आणि मधल्या काळात जे आपापल्या गावी म्हातारपणाने, रोगराईने वारले, त्यांच्या वाट्याला दगडही नाही आणि चांदीही नाही.

शौर्याच्या पंगतीसुद्धा त्या काळी वेगळ्या होत्या. कंपनी सरकारने १८३७ साली देशी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली. गोऱ्या सैन्यासाठी १८५६ साली ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ निघाला. तो सर्वांत मोठा मान. साध्या शिपायापासून बड्या अधिकाऱ्यापर्यंत कोणालाही मिळू शकेल, अशी त्याची ख्याती होती. परंतु हिंदी शिपायाला त्या पंगतीत बसायला १९११ साल उजाडावे लागले. तोपर्यंत तोच डोंगर, तीच गोळी, तेच रक्त. पण पदक मात्र वेगळे.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. इंग्रजांच्या त्या काळच्या अनेक मोहिमांत एकच पदक दोन धातूंत पाडले जाई. बंदूक धरणाऱ्या शिपायाला ते चांदीचे मिळे. आणि त्याच्याच मागे पाणी वाहणारे पखालजी, जखमींना उचलून आणणारे डोलीवाले, घोड्यांचे मोतद्दार, स्वयंपाकी, झाडूवाले यांना तेच पदक काशाचे, म्हणजे ब्राँझचे. पहिल्या महायुद्धातही हेच झाले. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ शिपायाला चांदीचे, आणि परदेशी आघाडीवर रस्ते खणायला, ओझी वाहायला नेलेल्या हिंदी मजूर तुकड्यांतील माणसांना ब्राँझचे. गोळी डोलीवाल्याला चुकवून जात नसे. तहानेने कासावीस झालेल्या शिपायाकडे पाणी घेऊन जाणारा पखालजी तर हातात शस्त्र नसताना गोळीबारात शिरत असे. पण मानाच्या तागडीत त्याचे वजन काशाचे ठरले. कष्टकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा आपल्या पेटीत ब्राँझचे पदक निघाले, तर ‘हलके आहे’ म्हणून खाली मान घालू नका. काळाने या हिशेबावर कसा सूड उगवला तोही ऐका. स्वतः व्हिक्टोरिया क्रॉस ब्राँझचा आहे, आणि स्वतंत्र भारताचे सर्वोच्च शौर्यपदक परमवीरचक्र हेही ब्राँझचेच आहे! त्याच्या खालचे महावीरचक्र आणि वीरचक्र चांदीचे. म्हणजे सर्वांत मोठा मान आज त्याच धातूत आहे, जो एके काळी पखालजीच्या आणि मजुराच्या वाट्याला टाकला गेला. मोल धातूचे नसते.

१८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी हुद्दे मिळवले, त्यांना ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे ऐकवण्यात आले. तेव्हा आपल्या माणसांनी काय केले? अर्ज लिहिले. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९० च्या दशकात विनंतीअर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. आमच्या वाडवडिलांनी पलटणीत चाकरी केली, रक्त सांडले, मग आज दार बंद का, हा त्या मागण्यांचा गाभा. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्धाची गरज संपताच काही वर्षांत ती मोडलीही गेली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. पलटणीने आपल्या घराला अक्षर दिले, हे बाबासाहेब जाणून होते. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज या रेजिमेंटमध्ये निरनिराळ्या समाजांचे जवान खांद्याला खांदा लावून आहेत. मध्य प्रदेशातील सागर येथे तिचे केंद्र आहे.

म्हणून आम्ही पदकाला साक्ष म्हणतो. भरती बंद करणाऱ्यांपुढे आपल्या पूर्वजांना ‘आम्ही होतो, आम्ही लढलो’ हे सिद्ध करावे लागले. ज्याच्याकडे कागद आणि बिल्ला होता, त्याचे बोलणे टिकले.

स्वातंत्र्यानंतर नवी पदके आली. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही तीन पदके स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनचे शौर्य त्यांत धरले गेले. परमवीरचक्राची आखणी एका स्त्रीने केली, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. सावित्रीबाई खानोलकर त्यांचे नाव. जन्म स्वित्झर्लंडमधला, लग्न विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी. मधोमध राष्ट्रमुद्रा, भोवती चार वज्रे आणि जांभळी फीत. आकाराने साडेतीन सेंटिमीटर. आजवर ते फक्त २१ जणांना मिळाले आहे, आणि त्यांतील १४ जणांना मरणोत्तर.

या एकवीस जणांपैकी दोघांची हकीकत सांगतो. रामा राघोबा राणे हे कारवारकडचे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. सॅपर म्हणजे सैन्यातला कामगारच. रस्ते करायचे, पूल बांधायचे, सुरुंग काढायचे. एप्रिल १९४८ मध्ये काश्मिरात नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे जायचे होते. शत्रूने रस्त्यात सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती. ८ एप्रिलला काम सुरू होतानाच तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांचे दोन साथी ठार झाले, स्वतः राणे जखमी झाले. तरी ते थांबले नाहीत. वरून गोळ्या चालू असताना रणगाड्याच्या आडोशाने सरपटत पुढे जायचे, सुरुंग काढायचा, अडसर दूर करायचा, मग रणगाडा पुढे. दिवसरात्र हेच. राजौरीचा रस्ता असा मोकळा झाला आणि तेथील लोकांचे प्राण वाचले. राण्यांना परमवीरचक्र मिळाले, आणि ते घ्यायला ते जिवंत होते. हे पदक शत्रूची मुंडकी मोजून दिलेले नाही. रस्ता साफ करण्याच्या कामाला दिलेले आहे. गँगमन, बिगारी, गवंडी असलेल्या आमच्या वाचकांनी हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

दुसरे मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री श्रीलंकेत शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर अचानक हल्ला झाला. झटापटीत छातीत गोळी लागली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून घेतली, त्याला ठार केले आणि शेवटचा श्वास जाईपर्यंत आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. महार रेजिमेंटचे हे परमवीरचक्र. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात, याच रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीरचक्र मिळाले होते. नाईक म्हणजे बाहीवर दोन फितींचा माणूस. यादी वाचताना हुद्दाही वाचत जा, म्हणजे कळेल की शौर्य हुद्दा बघून येत नाही.

ही झाली शत्रूसमोरची पदके. शत्रू समोर नसतानाच्या शौर्यासाठी दुसरी मालिका १९५२ साली निघाली. १९६७ पासून तिची नावे अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र. अशोकचक्राच्या मधोमध जे चक्र आहे, ते सारनाथचे धम्मचक्र, भोवती कमळांची माळ. आम्हांस या निवडीत मोठा अर्थ दिसतो. कलिंगाच्या लढाईनंतर ज्या राजाने शस्त्र खाली ठेवले, त्याच्या नावाचे पदक हे प्राण घेण्यापेक्षा प्राण वाचवण्याच्या धैर्याला अधिक शोभते. आणि ते सैनिकाबरोबरच साध्या नागरिकालाही, पोलिसालाही मिळू शकते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीजवळ सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत पकडला गेला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या शेतकऱ्याच्या मुलाला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

आता सेवेच्या पदकांविषयी. परम विशिष्ट सेवा, अति विशिष्ट सेवा, विशिष्ट सेवा ही नावे यादीत दिसतात. ती मुख्यतः अधिकाऱ्यांकडे जातात, आणि पहिले तर बहुतकरून जनरल हुद्द्याच्या लोकांकडे. पण जवानासाठीही पदके आहेत. बरीच वर्षे डागाविना नोकरी केलेल्या हवालदाराला मेरिटोरियस सर्व्हिस मेडल, आणि नाईक व शिपायाला लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल. त्यांची बातमी येत नाही, मिरवणूक निघत नाही. परंतु इतकी वर्षे थंडीवाऱ्यात, घरापासून दूर, एकही लाल शेरा न पडू देता काढणे हे काय कमी आहे? गिरणीत, रेल्वेत, पालिकेत तीस-तीस वर्षे खाडा न करता राबलेल्या माणसाला या पदकाची किंमत चांगली कळेल.

माता-भगिनींनो, आता तुमच्या कामाची गोष्ट. शौर्यपदकासोबत दरमहा भत्ता असतो. ऑगस्ट २०१७ मध्ये हे भत्ते दुप्पट झाले: परमवीरचक्राला २०,००० रुपये, अशोकचक्राला १२,०००, महावीरचक्राला १०,०००, कीर्तिचक्राला ९,०००, वीरचक्राला ७,०००, शौर्यचक्राला ६,००० आणि शौर्याबद्दलच्या सेना मेडलला २,०००. पदकधारक वारला तर भत्ता विधवेला मिळतो. पदक मरणोत्तर असेल आणि जवान अविवाहित असेल तर आईवडिलांना मिळतो. पूर्वी यात एक अट होती. विधवेने पुन्हा लग्न केले तर भत्ता बंद, मात्र दिराशी लग्न केले तर चालू. म्हणजे नवऱ्याच्या मर्दुमकीचा मान हवा असेल तर बाईने त्याच घरात राहिले पाहिजे! १६ नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता वीरपत्नीने कोणाशीही लग्न केले, तरी भत्ता तिच्या हयातभर तिचाच आहे. अशी एखादी लेक-सून तुमच्या नात्यात, वस्तीत असेल, आणि ‘भत्ता जाईल’ अशी भीती घालून तिला कोणी अडवत असेल, तर तिला हे आवर्जून सांगा.

शेवटी, पेटी उघडल्यावर काय करावे ते सांगतो. पदक चिंचेने, राखेने किंवा पॉलिशने घासू नका. पहिल्या महायुद्धातल्या आणि त्याआधीच्या अनेक पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. घासून ती अक्षरे जातात आणि मग साक्ष मुकी होते. कडेवर उजेड पाडून, भिंग घेऊन ती वाचा व वहीत लिहून ठेवा. फीत कितीही मळकी असली तरी धुऊ नका आणि फेकू नका, कारण रंगावरून पदक ओळखता येते. डिस्चार्ज बुक शोधा. त्यात नोकरीची वर्षे, आघाड्या आणि पदके यांची नोंद असते. त्याची झेरॉक्स काढून मूळ प्रत वेगळी ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, भत्ता-पेन्शनची अडचण असेल तर सैनिकाचा नंबर घेऊन तेथे जा. आणि अडीनडीला चांदीचे पदक सोनाराकडे नेण्याआधी दोनदा विचार करा. मुशीत टाकल्यावर तिची चार-दोन तोळे चांदी होते, पण कडेवरचे नाव कायमचे पुसले जाते.

घरात एखादा म्हातारा फौजी अजून हयात असेल, तर या रविवारी त्याच्याजवळ मुलांना बसवा. कोणत्या सालचे, कोणत्या गावचे, बरोबर कोण होते, कोण परत आले नाही, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे मुलांच्या हाताने लिहून घ्या. खाली तारीख घाला. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकायची मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडांनी लिहिलेला तो कागद त्या बिल्ल्याच्या शेजारीच ठेवा.